पाठीमागचा पडदा : पालखीपासून कन्व्हर्टिबलपर्यंत

#धागा

टप उघडता येणारी मोटार चालवणाऱ्याला पहिल्याच मोकळ्या रस्त्यावर एक चमत्कारिक अनुभव येतो. गाडी पुढे धावत असते, समोर काच असते, आणि वारा मात्र मागून येऊन मानेवर आदळतो. केस मागे उडण्याऐवजी पुढे, तोंडावर येतात. हा उलटा वारा थोपवण्यासाठी सीटच्या मागे जी उभी जाळी किंवा काच बसवतात, तिला विंड डिफ्लेक्टर म्हणतात. जाळी घ्यावी, काच घ्यावी की काहीच घेऊ नये, हा प्रश्न आज चैनीचा वाटतो. पण उघड्या वाहनात बसणाऱ्याने स्वतःभोवती किती आडोसा करावा, हा प्रश्न पुण्याच्या पेठांना फार जुना आहे. एका रात्री तर घोडागाडीच्या मागच्या पडद्याला इतिहासात जागा मिळाली. ती हकिकत पुढे येईलच. आधी थोडे मागे जायला हवे.

सुरुवात शनिवार पेठेपासून करणे योग्य. या वस्तीचे जुने नाव मुर्तजाबाद. १० जानेवारी १७३० रोजी येथे पहिल्या बाजीरावांच्या वाड्याचा पाया घातला गेला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. त्यानंतरची सुमारे ८० वर्षे मराठी राज्याचे कारभारी, सरदार, वकील आणि सावकार याच वाड्याच्या दाराशी येऊन उतरत. उत्तरेकडच्या दिल्ली दरवाज्याच्या फळ्यांवर हत्तीच्या धडकेला तोंड देणारे अणकुचीदार खिळे आजही दिसतात. या दारापुढे कोण कशातून उतरतो, यावरून त्याची योग्यता कळत असे.

त्या काळची वाहने डोळ्यांपुढे आणली, तर आजच्या कन्व्हर्टिबलचा सारा पेच त्यांत आधीच दिसतो. हत्तीवरची बैठक उघडी असेल तर तो हौदा, तिच्यावर छत असेल तर अंबारी. खांद्यावरून वाहायची बैठक उघडी असेल तर पालखी, चहूबाजूंनी बंद असेल तर मेणा. मेणा बहुधा स्त्रियांसाठी. त्यात ऊन लागत नसे, धूळ लागत नसे, कोणाची नजरही पडत नसे. रस्ता मात्र पडद्याच्या फटीतून दिसेल तेवढाच. पालखीतल्या पुरुषाचे नेमके उलट होते. त्याला लोकांनी पाहावे यासाठीच तर पालखी होती. पालखीचा मान सरकारातून मिळावा लागे आणि त्याबरोबर भोयांच्या खर्चाची नेमणूकही होई.

मग दिसायचे तर आहे, पण ऊन तर लागते, यावर तोडगा काय? तोडग्याचे नाव आफ्तागीर. शब्द फारसी आहे. आफताब म्हणजे सूर्य आणि गीर म्हणजे धरणारा. मराठीच्या तोंडी तो आफ्तागीर, अब्दागीर असा रुळला. लांब दांड्यावर बसवलेला, पिंपळपानाच्या घाटाचा सपाट भरजरी पडदा. तो घेऊन एक माणूस वाहनाच्या बाजूने चाले आणि ऊन ज्या अंगाला असेल त्या अंगाला पडदा कलता धरी. छत्र डोक्यावर असते आणि ते छत्रपतींचे. आफ्तागीर बाजूला असतो आणि तो सरदाराचा. वारीतल्या संतांच्या पालख्यांसोबत ही अब्दागिरी आजही चालताना दिसते.

आफ्तागिराची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. तो फक्त एका बाजूचा उपद्रव अडवतो. आतल्या माणसाला झाकत नाही, त्याची दृष्टीही अडवत नाही. विंड डिफ्लेक्टरकडून आज हीच अपेक्षा असते. फरक इतकाच, की पेशवाईतला शत्रू ऊन होते. वारा नव्हता. भोयांच्या किंवा हत्तीच्या चालीने जाणाऱ्या वाहनात स्वतःच्या वेगाने निर्माण होणारा वारा नगण्य असतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग चौपट झाला की दाब सोळापट. पालखीला वाऱ्याची चिंता कधी करावीच लागली नाही.

ती चिंता चाकांबरोबर आली. १८१८ मध्ये पेशवाई संपली, १८२८च्या आगीत शनिवारवाड्याच्या आतल्या इमारती जळून गेल्या, आणि शहराचे वजन हळूहळू पेठांकडून लष्कर भागाकडे सरकले. त्याबरोबर रस्त्यांवर बग्ग्या, फेटन, व्हिक्टोरिया आणि तांगे आले. यांतल्या बऱ्याच गाड्यांना घडी घालता येणारा चामड्याचा किंवा मेणकापडाचा टप असे. हवा चांगली असेल तर टप मागे पाडायचा, पाऊस आला की उभारायचा. कन्व्हर्टिबल हा शब्द नंतरचा, कल्पना इथलीच.

तांग्यात मागे बसणारा प्रवासी रस्त्याकडे उलटे तोंड करून बसतो. धूळ सर्वांत जास्त कोणाला लागते, हे त्याला विचारावे. गाडी हवेला कापत पुढे गेली की तिच्या पाठीमागे हवेची पोकळी, म्हणजे कमी दाबाचा पट्टा तयार होतो. तो भरून काढण्यासाठी आजूबाजूची हवा भोवरे घेत आत वळते आणि येताना रस्त्यावरची धूळ घेऊन येते. वडापच्या जीपमध्ये मागच्या बाकावर बसून खेडोपाडी फिरलेल्या प्रत्येकाने हे शास्त्र डोळ्यांत, नाकात आणि केसांत अनुभवलेले असते. म्हणूनच जीपच्या पाठीला ताडपत्रीचा पडदा लागतो, आणि म्हणूनच टप उभारलेल्या घोडागाड्यांच्या पाठीलाही पडदा असे. पाऊस, धूळ, वारा आणि थंडी या सगळ्यांवर एकच उपाय : मागून झाकून घेणे.

झाकून घेतलेल्या गाडीत मागचे काही दिसत नाही. २२ जून १८९७ची रात्र इथे येते.

पार्श्वभूमी बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात. पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. वॉल्टर चार्ल्स रँड हा सनदी अधिकारी प्लेग समितीचा प्रमुख होता. मार्च ते मे १८९७ या काळात ८००हून अधिक सैनिकांनी पेठापेठांतून घरझडत्या घेतल्या. माजघरे, देवघरे, स्वयंपाकघरे यांत बूट घालून शिरणे, स्त्रियांची तपासणी, सामानाची जाळपोळ, या तक्रारींनी शहर धुमसत होते. रोगाला आळा घालण्याची निकड खरी होती. ती ज्या रीतीने अंमलात आली त्या रीतीचा अपमानही तितकाच खरा होता. इतिहासात या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत.

त्या रात्री गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ होता. टेकड्यांवर होळ्या पेटवल्या होत्या, रस्त्यावर बघ्यांची गर्दी होती. मूळचे चिंचवडचे दामोदर आणि बाळकृष्ण हे चापेकर बंधू संध्याकाळपासून गणेशखिंड रस्त्यावर दबा धरून होते. पुढे काय घडले ते दामोदरांनी तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तातून कळते, आणि उघड्या व झाकलेल्या वाहनांच्या दृष्टीने ती हकिकत फार बोलकी आहे.

संध्याकाळी रँडची वाटावी अशी एक गाडी समारंभाकडे गेली. ती त्यांनी जाऊ दिली. आत रँडच आहे याची खात्री पटली नाही. चालत्या घोडागाडीतला माणूस अंधुक उजेडात ओळखणे सोपे नसते, आणि ज्याला मारायचे त्याच्याऐवजी दुसराच मरू नये ही काळजी होती. परतीच्या वेळी हल्ला करायचा असे ठरले. जवळच्या तलवारी आणि कुऱ्हाड गर्दीत संशय आणतील, म्हणून त्या एका दगडी मोरीखाली लपवून ठेवल्या.

मध्यरात्रीच्या सुमारास पाहुणे परतू लागले. रँडची गाडी पिवळ्या बंगल्याजवळ आली तेव्हा दामोदर तिच्या मागून धावू लागले. ठरलेली हाक त्यांनी दिली : ‘गोंद्या’. गाडीच्या पाठीचा पडदा सोडवला, वर उचलला आणि आत गोळी झाडली. गाडी थांबलीही नाही. ती तशीच पुढे जात राहिली. बाळकृष्ण मागे पडले होते. पाठोपाठ येणाऱ्या गाडीतली माणसे आपापसांत कुजबुजताहेत असा त्यांना संशय आला आणि त्यांनी त्या गाडीतल्या एकाच्या डोक्यात मागून गोळी घातली. तो लेफ्टनंट चार्ल्स आयर्स्ट. तो जागीच मरण पावला. रँड ससून रुग्णालयात ३ जुलैला वारला.

या प्रसंगावर नाटके झाली, मालिका झाली, नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा ‘२२ जून १८९७’ हा १९७९ सालचा चित्रपट तर मराठीतल्या उत्तम ऐतिहासिक चित्रपटांत मोडतो. हाक सर्वांच्या लक्षात राहिली, पडदा फारसा कोणाच्या नाही. वास्तविक त्या रात्रीचा घटनाक्रम पडद्याभोवतीच फिरतो. संध्याकाळी आतला माणूस नीट दिसला नाही म्हणून हल्ला टळला. रात्री मागून धावत येणारा माणूस आत बसलेल्याला दिसण्याचा मार्गच नव्हता. गाडीच्या पाठीला डोळे नव्हते आणि आरसाही नव्हता.

पडदा नसता तर रँड वाचला असता, असा निष्कर्ष काढणे पोरकट ठरेल. अंधार होता, रस्ता मोकळा होता, हल्लेखोर मरणाला तयार होते. दामोदरांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी झाली. धाकटे वासुदेव, महादेव रानडे आणि बाळकृष्ण यांना मे १८९९ मध्ये, अनुक्रमे ८, १० आणि १२ तारखेला. चार तरुण, दोन अधिकारी, आणि १८९७ मध्येच राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडलेल्या टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी. एवढ्या मोठ्या घटनेत कापडाच्या तुकड्याचा वाटा लहानच. पण आडोसा घेणारा माणूस त्या आडोशाने स्वतःची दृष्टीही गमावतो, ही गोष्ट इतक्या उघडपणे क्वचितच नोंदली गेली असेल.

पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, मुंबईच्या रस्त्यांवर पहिल्या मोटारी आल्या. जमशेटजी टाटा हे सुरुवातीच्या मालकांपैकी एक. त्या काळच्या बहुतेक मोटारी म्हणजे घोडे सोडवलेल्या बग्ग्याच होत्या. समोर काच नसे. चालवणारा जाड गॉगल, लांब झगा आणि कानटोपी घालून बसे. घोड्याच्या दुडक्या चालीला जो वारा सुखद होता, तो मोटारीच्या वेगाला असह्य झाला. अमेरिकेत १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीलाही प्रारंभी टप आणि पुढची काच हे वेगळे पैसे मोजून घ्यायचे जोडसामान होते. म्हणजे मोटारीच्या इतिहासात वाऱ्याचा आडोसा आधी ‘ॲक्सेसरी’ होता आणि नंतर गाडीचा अवयव झाला. आजचा विंड डिफ्लेक्टर बऱ्याच गाड्यांत त्या पहिल्या पायरीवर आहे.

पुढची काच आली आणि तिने नवा धोका आणला. साधी काच अपघातात सुऱ्यांसारखी फुटे. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या हातून १९०३ मध्ये एक काचपात्र खाली पडले, ते तडकले पण विखुरले नाही. आत वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या थराने तुकडे धरून ठेवले होते. दोन काचांमध्ये असा थर ठेवण्याचे पेटंट त्याने १९०९ मध्ये घेतले. आज पुढच्या काचेवर दगड बसला की ती जाळ्यासारखी तडकते आणि जागेवर राहते, त्याचा उगम तो.

पुढे बसणाऱ्यांची सोय झाली. मागे बसणाऱ्यांची नव्हे. मोठ्या उघड्या मोटारींत मालक मागे बसे, आणि पुढच्या काचेवरून उडालेला वारा नेमका त्याच्या तोंडावर उतरे. ड्रायव्हर आडोशात आणि धनी वाऱ्यात, हा उफराटा प्रकार फार काळ चालणे शक्य नव्हते. १९२० आणि १९३०च्या दशकांतल्या श्रीमंती गाड्यांत पुढच्या सीटच्या मागे दुसरी, खास मागच्या प्रवाशांसाठीची काच बसू लागली. हिंदी संस्थानिकांना उघड्या गाड्या प्रिय होत्या, कारण प्रजेला दर्शन देणे हा राजेपणाचा भाग होता. हौद्याचेच काम मोटारीला करायचे होते.

याचे जिवंत उदाहरण कोल्हापुरात दरवर्षी दिसते. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात आलेली मेबॅक मोटार दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला बाहेर निघते आणि राजघराण्यातील मंडळी तीतून दसरा चौकात येतात. मिरवणुकीच्या चालीला वारा कुठला? तिथे आडोशाचा प्रश्नच उद्भवत नाही, पालखीत उद्भवत नव्हता तसाच. उलट टोक पाहायचे तर ज्या होळकरांचे पूर्वज शनिवारवाड्याच्या दरबारात वावरले, त्या इंदूरच्या यशवंतराव होळकरांकडे पाहावे. त्यांनी १९३०च्या दशकात ड्यूसेनबर्ग या अमेरिकन बनावटीच्या वेगवान गाडीवर लंडनच्या गर्नी नटिंगकडून उघडी दोन आसनी बॉडी बांधून घेतली. ही गाडी दर्शन देण्यासाठी नव्हती, पळवण्यासाठी होती. एकाच पिढीतल्या दोन मराठी राजांच्या दोन उघड्या गाड्या, आणि वाऱ्याशी त्यांचे नाते पूर्ण वेगळे.

त्यानंतर उघड्या मोटारींचे दिवस भराभर सरले. लोखंडी छताच्या गाड्या स्वस्त झाल्या आणि जगभर त्यांनीच रस्ता व्यापला. महाराष्ट्रात उघडे वाहन उरले ते मुख्यतः जीपच्या रूपात, जिची पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येई. महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी स्वातंत्र्याच्या सुमारास सुरू केली, आणि निवडणुकीच्या प्रचारापासून विसर्जनाच्या मिरवणुकीपर्यंत तिने हौद्याची जागा चालवली.

मागून येणाऱ्या वाऱ्यावरचा आजचा उपाय प्रसिद्ध झाला तो १९८९ मध्ये, मर्सिडीज-बेंझच्या नव्या एसएल गाडीबरोबर. तिच्या सीटमागे उभारता येणारी बारीक जाळीची चौकट मिळू लागली. पुढच्या काचेवरून गेलेली हवा सीटच्या मागे खाली वळते आणि कमी दाबाकडे, म्हणजे प्रवाशांच्या मानेकडे परत येते. तिची वाट याच चौकटीने अडवायची. जाळीतून थोडी हवा झिरपते, तिचा जोर मोडतो, आणि मागचे दिसत राहते. २००४ मध्ये त्याच कंपनीने सीटच्या डोके टेकायच्या भागातून मानेवर ऊबदार हवा सोडण्याची सोय काढली आणि २०१० मध्ये पुढच्या काचेच्या वरच्या कडेला उभी राहणारी पट्टी. या कंपनीच्या भारतातल्या मोटारींची जुळणी १९९५ मध्ये सुरू झाली ती पिंपरीत, चापेकरांच्या चिंचवडला लागून.

आता निवडीबद्दल. दुकानात नुसते ‘विंड डिफ्लेक्टर’ म्हटले तर आपल्याकडे दारांच्या काचांवर चिकटवायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या पुढे येतात. त्यांचा इथे संबंध नाही. सीटमागच्या आडोशाचे मुख्य प्रकार दोन, जाळीची चौकट आणि पारदर्शक ॲक्रिलिकची किंवा काचेची पाटी. पाटी वारा अधिक अडवते, पण रात्री मागच्या गाड्यांचे दिवे तिच्यात चमकतात आणि पुण्याच्या धुळीने तिच्यावर ओरखडे पडले की ती आंधळी होत जाते. जाळी थोडा वारा आत सोडते, पण आरशात रस्ता दिसू देते, आणि धुळीने ती एवढी बिघडत नाही. उंची डोके टेकायच्या भागाइतकी पुरते. त्याहून उंच घेतली तर चौकट स्वतःच वाऱ्यात थरथरते. दोन्ही कडांना फट मोठी राहिली तर वारा तिथून आत येतो, म्हणून त्याच गाडीसाठी बनवलेली चौकट घ्यावी, ‘कुठेही बसते’ अशी नव्हे. चार आसनी गाडीत ती बहुधा मागच्या सीटवर बसते, म्हणजे मागे कोणाला बसता येत नाही. घरच्या मंडळींना घेऊन फिरणाऱ्याने हा हिशेब आधी करावा. कापडी पडद्याचा विचार तर करूच नये. ते का, हे वर येऊन गेले आहे.

शनिवार पेठेच्या बोळांत यांतले काहीच लागत नाही. मेहुणपुऱ्यातून ओंकारेश्वराकडे निघालेल्या गाडीला माणसांतून, दुचाक्यांतून आणि भाजीच्या हातगाड्यांतून वाट काढताना पालखीपेक्षा फार वेग मिळत नाही. तिथे आफ्तागीर पुरेल. नव्या पुलावरून नदी ओलांडून गाडी गणेशखिंड रस्त्याला लागली आणि गर्दी विरळ असली, की वारा पहिल्यांदा मानेला लागतो.

(धागा समाप्त)